इंग्रजीत “चा-ची-चे” कुठे आणि कसं: अपॉस्ट्रॉफी, “ऑफ” आणि रोजचे शब्द

प्रश्न असा आहे: मुलगी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. इंग्रजी वाचता येतं, धडा समजतो, पण लिहायला घेतलं की “माय फादर हिज ब्रदर”, “टेबल’स लेग”, “युअर’स फेथफुली” अशा चुका होतात. अपॉस्ट्रॉफी, म्हणजे ’ हे चिन्ह, कधी एसच्या आधी, कधी नंतर, कधी जिथे नकोच तिथे. जोडीला “टुडे मॉर्निंग आय गेव्ह एक्झाम” असली वाक्यं. घरी काय करून घ्यावं?

आधी एक विनंती. या चुकांना निष्काळजीपणा म्हणून रागावू नका. मूल मराठीत विचार करतं आणि मराठीचा नियम इमानदारीने इंग्रजीला लावतं, म्हणून त्या होतात. त्यामुळे “नीट लिही” म्हणून सुधारणा होत नाही. मराठीचा नियम नेमका कुठे वेगळा पडतो, हे दाखवलं की होते.

इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत, ती अशी वाचा: शब्दानंतर “’स” दिसलं तर आधी अपॉस्ट्रॉफी, मग एस हे अक्षर. आणि शब्दाच्या अगदी शेवटी नुसतं “’” दिसलं तर एस आधीच लिहून झाला आहे, चिन्ह त्याच्या नंतर.

आता मूळ मुद्दा. मराठीत आपण म्हणतो: सुनीताचा भाऊ, सुनीताची बहीण, सुनीताचं दप्तर, सुनीताच्या वह्या. मालकीण एकच, पण प्रत्यय चार वेळा बदलला, कारण मराठीत तो पुढच्या माणसाकडे किंवा वस्तूकडे बघतो. भाऊ पुल्लिंगी म्हणून “चा”, वह्या अनेक म्हणून “च्या”. इंग्रजीत चारही ठिकाणी एकच: “सुनीता’स ब्रदर, सुनीता’स सिस्टर, सुनीता’स बॅग, सुनीता’स नोटबुक्स”. इंग्रजी फक्त मालकाकडे बघतं. वह्या एक असोत की दहा, अपॉस्ट्रॉफीला त्याचं काही देणंघेणं नाही. मुलं मात्र “नोटबुक्स अनेक आहेत, मग चिन्ह एसच्या नंतर द्यावं” असं मनात ठरवतात आणि एकट्या सुनीतासाठी अनेकवचनाची खूण करून बसतात.

बेळगाव भागातल्या मुलांकडे इथे एक साधन आहे, जे पुण्या-साताऱ्याच्या मुलांकडे नसतं, आणि ते फारसं कुणी वापरत नाही: कन्नड. मराठीत माझा, माझी, माझं, माझ्या. कन्नडमध्ये फक्त “नन्न”. नन्न पुस्तक, नन्न पुस्तकगळु (पुस्तकं), नन्न तम्म (धाकटा भाऊ), नन्न तंगी (धाकटी बहीण). इंग्रजीत “माय” तसंच. “अवन” म्हणजे त्याचा-त्याची-त्याचं, “अवळ” म्हणजे तिचा-तिची-तिचं. पुढे भाऊ येवो की बहीण, शब्द हलत नाही. “अवळ तम्म, अवळ तंगी” हे बाजारात, एसटीत, शाळेत रोज ऐकणाऱ्या मुलीला “हर ब्रदर, हर सिस्टर” समजावून सांगायला दोन मिनिटं लागत नाहीत. मराठीतून थेट इंग्रजीत जाताना अडखळली तर मध्ये कन्नडची पायरी टाका. या एका जागी कन्नड आणि इंग्रजी एका बाजूला आहेत, मराठी दुसऱ्या बाजूला.

“हिज” आणि “हर”चा घोटाळाही इथूनच येतो. “तिचा भाऊ” लिहिताना “चा” पुल्लिंगी दिसतो, म्हणून मूल “हिज ब्रदर” लिहितं. “त्याची बहीण” लिहिताना “ची” दिसते, म्हणून “हर सिस्टर”. यावर उपाय अगदी हाताने करायचा आहे. मराठी वाक्य वहीत लिहायचं आणि “चा, ची, चं, च्या” यावर बोट ठेवून ते झाकायचं. उरतं ते बघायचं. “त्या” उरलं तर “हिज”, “ति” उरलं तर “हर”, “त्यां” उरलं तर “देअर”. मालक कोण हे मराठी शब्दाच्या सुरुवातीच्या भागात असतं, शेपटीत नसतं. पंधरा-वीस वाक्यं अशी बोट ठेवून केली की मूल बोटाशिवाय करू लागतं.

पण “त्यां” उरलं तर लगेच “देअर” लिहायचं नाही. आधी विचारायचं, माणसं किती? मराठीत आजोबा एकच असले तरी आदराने “त्यांची काठी” म्हणतो, “ते आजारी आहेत” म्हणतो. मुलं मग “माय ग्रँडफादर इज इल. दे आर इन हॉस्पिटल” लिहितात आणि तपासणाऱ्याला प्रश्न पडतो की हॉस्पिटलात नक्की कितीजण आहेत. इंग्रजीत एका आजोबांना “ही” आणि “हिज”, एका आजीला “शी” आणि “हर”. त्यात अनादर नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं. कित्येक मुलांना सरांबद्दल “ही” लिहायला खरोखर संकोच वाटतो.

हाच आदर अपॉस्ट्रॉफीतही घुसतो. “वडिलांचं नाव, सरांचं पुस्तक” हे मराठीत रूपाने अनेकवचनी, म्हणून मूल “माय फादर्स’ नेम” लिहितं. त्याचा अर्थ अनेक वडिलांचं नाव असा होतो. शाळेच्या अर्जावर बहुधा “फादर’स नेम” आणि “मदर’स नेम” छापलेलं असतं. तो कागद समोर ठेवून चिन्ह कुठे आहे ते मुलीला बोटाने दाखवायला सांगा.

चिन्ह नेमकं कुठे द्यायचं, यासाठी पाठ करायचे नियम चार-पाच आहेत असं पुस्तकांत दिसतं. करायची कृती मात्र एकच आहे. मालकाचा शब्द पूर्ण लिहा, अनेक असतील तर अनेकवचन करून. लगेच अपॉस्ट्रॉफी द्या. मग बघा: तो शब्द अनेकवचनाच्या एसने संपला आहे का? असेल तर थांबा, नसेल तर एस लिहा. एवढंच.

एक मुलगा: बॉय, चिन्ह, एस: “द बॉय’स शर्ट”. अनेक मुलगे: बॉइज, चिन्ह, थांबा: “द बॉइज’ शर्ट्स”. मुलं: चिल्ड्रन हे अनेकवचन आहे पण एसने संपत नाही, म्हणून चिन्ह आणि एस: “द चिल्ड्रन’स पार्क”. मेन, विमेन, पीपल यांचंही तसंच. लिहून झाल्यावर पडताळा उलटा घ्यायचा: चिन्हाच्या डावीकडे जे आहे तेवढंच वाचायचं. तो पूर्ण मालक असला पाहिजे. “चिल्ड्रन्स’” लिहिलं असेल तर डावीकडे “चिल्ड्रन्स” उरतं, आणि असा शब्दच इंग्रजीत नाही. चूक लगेच सापडते. “लेडी” आणि “बेबी” यांत मुलं आणखी एक गडबड करतात. अनेकवचन करताना वाय जाऊन आय-ई-एस येतं, ते एका बाळाच्या पाळण्यालाही लावतात. एकच बाळ असेल तर वाय जागचा हलत नाही: बेबी, चिन्ह, एस.

हा डावीकडचा पडताळा आपल्या नावांमध्ये फार कामाला येतो. विलास, विकास, सुहास, तेजस, श्रीनिवास ही नावं मुळातच एसने संपतात. मुलं “विलासचं घर” लिहिताना नावातलाच एस फोडतात आणि “विला’स हाऊस” करतात. डावीकडे काय उरलं? विला. असा मुलगा वर्गात नाही. बरोबर रूप “विलास’स हाऊस”, उच्चार विलासिझ. काही पुस्तकांत अशा नावांना नुसतं चिन्ह देऊन “विलास’” असंही छापतात आणि ते चूक धरत नाहीत. पण शाळेत पहिलं रूप शिकवावं, कारण वरच्या कृतीतून तेच येतं आणि मुलाला अपवाद लक्षात ठेवावा लागत नाही.

आडनावांचं वेगळं. “द पाटील्स” म्हणजे पाटील कुटुंब, सगळे मिळून. त्यात मालकी नाही, म्हणून चिन्ह नाही. “द पाटील्स’ हाऊस” म्हणजे पाटलांचं घर. घराच्या पाटीवर “द पाटील’स” लिहिण्याची पद्धत पडली आहे, ती चुकीची. दुकानांच्या बोर्डांवर तर साध्या अनेकवचनालाही चिन्ह लावलेलं दिसतं: “साडी’स”, “स्वीट’स”, “फोटो’स”. मुलं हेच बोर्ड रोज वाचत मोठी होतात, त्यामुळे “एस आला की चिन्ह द्यायचं” असा समज होतो. बेळगावच्या खडेबाजारातून किंवा गणपत गल्लीतून जाताना मुलीला एक काम द्या: चिन्ह दिसलं की विचारायचं, “कुणाचं काय?” उत्तर मिळालं तर चिन्ह बरोबर, नाही मिळालं तर चूक. साड्यांचं काय? काहीच नाही, फक्त साड्या विकायला आहेत; मग चिन्ह नको. कॅम्पातल्या सेंट पॉल’स या शाळेच्या नावात मात्र ते हवंच, कारण शाळा संत पॉल यांच्या नावाची आहे.

उच्चाराचं थोडक्यात. अमित, विनायक, प्रताप यांच्यापुढे एसचा उच्चार स्वच्छ “स” होतो: अमित्स, विनायक्स. सुनीता, किरण, राहुल यांच्यापुढे “झ”कडे झुकतो: सुनीताझ. रमेश, गणेश, विलास, जॉर्ज अशा शेवटापुढे “इझ” असा एक पूर्ण उच्चार वाढतो: रमेशिझ. “बॉइज, बॉय’स, बॉइज’” हे तिन्ही कानाला एकच ऐकू येतात. म्हणून शुद्धलेखन घालताना नुसतं वाक्य सांगू नका. एक मुलगा की अनेक, हे वाक्यातूनच कळेल असं वाक्य निवडा.

यापुढचा प्रश्न मोठा आहे: “’स” कधी आणि “ऑफ” कधी? मराठीत चा-ची-चे सगळ्यांना चालतं, माणसाला, बैलाला, टेबलाला, दाराला. इंग्रजीत तीन वाटा आहेत आणि मुलांना बहुतेक वेळा दोनच शिकवल्या जातात.

पहिली, माणसं आणि जनावरं: “’स”. शब्दक्रम मराठीसारखाच, मालक आधी. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं दुकान: “माय फ्रेंड’स फादर’स शॉप”. दोघींची मिळून एकच आई असेल तर मराठीसारखंच शेवटच्या नावाला: “सुनीता अँड अनिता’स मदर”, दोघींची दप्तरं वेगवेगळी असतील तर दोघींना: “सुनीता’स अँड अनिता’स बॅग्स”. गाव, शहर, राज्य, शाळा यांनाही “’स” चालतं, “द सिटी’स ओल्ड नेम” अगदी शुद्ध आहे.

दुसरी, निर्जीव वस्तूंचे भाग आणि अमूर्त गोष्टी: “ऑफ”, आणि क्रम उलटा. गोष्टीचा शेवट: “द एंड ऑफ द स्टोरी”. डोंगराचा माथा: “द टॉप ऑफ द हिल”. मालक माणूसच असला पण त्याचं वर्णन लांबलं, तरीही “ऑफ” बरं पडतं: खिडकीजवळ बसणाऱ्या मुलाचं नाव म्हणजे “द नेम ऑफ द बॉय हू सिट्स निअर द विंडो”. एक जागा अशी आहे जिथे दोन्ही चालतात पण अर्थ बदलतो. “वडिलांचा फोटो” म्हणजे वडील ज्यात दिसतात तो, की वडिलांच्या मालकीचा? मराठीत दोन्ही. इंग्रजीत पहिल्यासाठी “अ फोटो ऑफ माय फादर” लिहिलं की शंका राहत नाही.

तिसरी वाट सगळ्यात जास्त लागते आणि तीच शिकवायची राहून जाते: काहीच न लावता दोन नामं शेजारी ठेवणं. शाळेचं गेट “स्कूल गेट”, बसचं तिकीट “बस टिकेट”, टेबलाचा पाय “टेबल लेग”, उसाचं शेत “शुगरकेन फील्ड”, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी “अ टोबॅको ट्रेडर फ्रॉम निपाणी”. मराठीत “चा” असूनही हा मालकीचा “चा” नाही, तो प्रकार सांगतो. ओळखायची खूण: “कुणाचं?” असा प्रश्न लागतो की “कसलं?” असा? गेट कुणाचं असं आपण विचारत नाही, कसलं गेट असं विचारतो. “कसलं” असेल तिथे शब्द शेजारी ठेवा. बेळगावचा कुंदा म्हणजेही बेळगावी पद्धतीचा कुंदा, म्हणून “बेळगावी कुंदा”, चिन्हाशिवाय. या जोडीत पहिला शब्द सहसा एकवचनी ठेवतात: बुटांचं दुकान “शू शॉप”, भाजीचा बाजार “व्हेजिटेबल मार्केट”. आणि चहाचा कप रिकामा असेल तर “टी कप”, भरलेला असेल तर “अ कप ऑफ टी”. मराठीत “एक किलो साखर” म्हणताना मध्ये काहीच लागत नाही, इंग्रजीत मात्र मापानंतर “ऑफ” हवं: “अ किलो ऑफ शुगर”.

निर्जीवांना “’स” नको, याला एक मोठा अपवाद म्हणजे काळ. आजचा पेपर “टुडे’ज न्यूजपेपर”. इथे चिन्ह एसच्या आधी, उच्चार फक्त “झ”. दहा मिनिटांची वाट “टेन मिनिट्स’ वॉक”. याच जागी रजेचा अर्ज येतो आणि तो परीक्षेतही विचारतात, पुढे नोकरीतही लागतो. एका दिवसाची रजा: डे, चिन्ह, एस: “वन डे’ज लीव्ह”. तीन दिवसांची: डेज, चिन्ह, थांबा: “थ्री डेज’ लीव्ह”. “थ्री डेज लीव्ह्स” नाही. “लीव्ह्स” म्हणजे झाडाची पानं. आणि अर्जाच्या शेवटी “युअर्स फेथफुली” किंवा “युअर्स ओबीडिअंटली” यात चिन्ह अजिबात नाही. ही एक चूक इतकी पसरली आहे की मोठ्यांच्या अर्जांतही दिसते. युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स, इट्स हे शब्द मुळातच मालकीचे आहेत, त्यांना पुन्हा खूण लागत नाही.

“इट्स” आणि “इट’स” यांचा पडताळा एका ओळीत: चिन्ह असलेल्या जागी “इट इज” किंवा “इट हॅज” वाचून बघा. “द डॉग इज वॅगिंग इट इज टेल” असं कोणी म्हणत नाही, मग तिथे चिन्ह नको. “हूज” म्हणजे कोणाचं हे डब्ल्यू-एच-ओ-एस-ई असं लिहितात. चिन्ह असलेलं “हू’ज” म्हणजे “हू इज” किंवा “हू हॅज”. नावापुढेही हीच दक्षता: “सुनीता’स कमिंग” यात मालकी नाही, “सुनीता इज” आहे.

दिनविशेषांत चिन्ह परंपरेने ठरलेलं आहे, ते पाठच करावं. 5 सप्टेंबरचा “टीचर्स’ डे”, शिक्षक अनेक, चिन्ह शेवटी. 14 नोव्हेंबरचा “चिल्ड्रन’स डे” आणि 8 मार्चचा “विमेन’स डे”, चिन्ह एसच्या आधी. “मदर’स डे” एकवचनी लिहितात.

एक सोपी आणि सुंदर जागा: मराठीतलं “कडे”. मामाकडे गेले, डॉक्टरकडे गेले, आत्याकडे राहिले. मुलं “टू माय अंकल साइड” असं काहीतरी करतात. इंग्रजीत नुसतं “’स” पुरतं, घर किंवा दवाखाना म्हणावा लागत नाही: “आय वेंट टू माय अंकल’स”, “टू द डॉक्टर’स”, “आय स्टेड ॲट माय आँट’स”.

आता उलट बाजू: मराठी जिथे मालक सांगत नाही तिथेही इंग्रजीला तो हवा असतो. “त्याने हात धुतले.” कुणाचे? मराठीत विचारायची गरज नाही. इंग्रजीत “ही वॉश्ड हिज हँड्स” म्हणायलाच हवं. “आईबरोबर बाजाराला गेले” म्हणजे “आय वेंट टू द मार्केट विथ माय मदर”. डबा घेतला, चप्पल घातली, केस विंचरले, दप्तर विसरलं. अंग, कपडे, नातेवाईक आणि रोजच्या वापरातल्या वस्तू यांच्याआधी “माय, हिज, हर” टाकायची सवय लागली की मुलांचं इंग्रजी एकदम सावरतं. याच्या जोडीला “आपला” हा शब्द आहे. “ती आपल्या भावाबरोबर आली” याचं “शी केम विथ ओन ब्रदर” होतं. “आपला” आला की कर्ता बघा. कर्ता ती असेल तर “हर”, तो असेल तर “हिज”, मी असेन तर “माय”. “ओन” एकटा कधी येत नाही.

“माझा एक मित्र” याचं “माय वन फ्रेंड” करतात. बरोबर दोन रूपं आहेत: “अ फ्रेंड ऑफ माइन” किंवा “वन ऑफ माय फ्रेंड्स”. दुसऱ्यात एक खाच आहे. “वन ऑफ” नंतर अनेकवचन, कारण अनेकांतून एक निवडला. पण क्रियापद एकवचनी, कारण शेवटी मित्र एकच: “वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन चिकोडी”. मुलं “वन ऑफ माय फ्रेंड” तरी लिहितात किंवा “फ्रेंड्स लिव्ह” तरी.

“मला दोन भाऊ आहेत” आणि “माझ्याजवळ पेन आहे” इथे कन्नडची पायरी टाकू नका, घसरेल. कन्नडही “ननगे” म्हणजे “मला” असंच सुरू करतं आणि “नन्न हत्तिर” म्हणजे माझ्याजवळ असंच म्हणतं. दोन्ही भाषा एका बाजूला, इंग्रजी एकटं. त्यामुळे “निअर मी वन पेन इज” ही चूक या भागात अधिकच घट्ट बसते. इंग्रजीत मालक कर्ता होतो: “आय हॅव टू ब्रदर्स”, “आय हॅव अ पेन”, “शी हॅज अ बायसिकल”.

रोजच्या शब्दांतलेही बरेच घोटाळे असे दोन्ही भाषांतून दुहेरी येतात. “आज सकाळी” आणि “इवत्तु बेळिग्गे” यांतून “टुडे मॉर्निंग” येतं. हवं “धिस मॉर्निंग”. काल रात्री “लास्ट नाइट”. पण “यस्टरडे मॉर्निंग” आणि “टुमॉरो मॉर्निंग” शुद्ध आहेत, त्यांना हात लावू नका. “करंट गेला” म्हणजे “द पॉवर हॅज गॉन ऑफ”. दिवा-पंखा “ओपन-क्लोज” करत नाहीत, “स्विच ऑन, स्विच ऑफ” करतात. “ऑफ द फॅन” हेही चूक, कारण हा दोन एफचा “ऑफ” क्रियापद नाही. परीक्षेबाबत मात्र कन्नड मदतीला येते: मराठीत परीक्षा देतात म्हणून “गेव्ह”, कन्नडमध्ये परीक्षा लिहितात. कर्नाटकात “आय रोट द एक्झाम” सर्रास चालतं. जगभर चालणारं रूप “आय टुक द एक्झाम”. “गेव्ह” केलं तर परीक्षा घेणारा शिक्षक तुम्हीच ठरता.

“सांगितलं”साठी दोन शब्द आहेत. “टेल” पुढे माणूस लागतोच: “शी टोल्ड मी”. “से” पुढे थेट बोलणं: “शी सेड दॅट...”. “शी सेड मी” आणि “शी टोल्ड दॅट” ही दोन्ही याच्या अदलाबदलीने होतात. उसनं घेणं “बॉरो”, उसनं देणं “लेंड”. पेन मागताना “लेंड मी युअर पेन” किंवा “मे आय बॉरो युअर पेन”. सख्ख्या भावाला “रिअल ब्रदर” म्हणायची गरज नाही, नुसता “ब्रदर”. चुलत, मामे, आते, मावस सगळे “कझिन”, त्याला “ब्रदर” जोडू नका. लग्नाला गेलो तो समारंभ “वेडिंग”. “मॅरेज” म्हणजे विवाहसंबंध. केस मराठीत अनेक असले तरी “हेअर” एकवचनी: “हर हेअर इज लाँग”. “होमवर्क, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर” यांना एस लागत नाही. तीन वर्षांपासून म्हणजे “फॉर थ्री इयर्स”. “सिन्स” फक्त सुरुवातीच्या बिंदूला, “सिन्स 2022”. निघताना आपण “येते” म्हणतो, ते शब्दशः “आय ॲम कमिंग” झालं तर समोरचा वाट बघत बसेल. तिथे “आय ॲम लीव्हिंग”.

घरी करून घ्यायची पद्धत. वहीच्या पानाला दोन घड्या घालून तीन रकाने करा: मराठी, कन्नड, इंग्रजी. रोज सहा वाक्यं, सगळी घरातल्या वस्तूंची आणि माणसांची. तीन वाक्यांत मालक एक, दोनांत अनेक, एकात “कसलं” असं उत्तर येणारी जोडी. कन्नड येत नसेल त्या दिवशी तो रकाना रिकामा राहू दे. सुरुवातीचे दोन आठवडे फक्त मालकाची खूण तपासा. त्याच वाक्यात काळ चुकला, स्पेलिंग चुकलं, तरी त्यावर लाल खूण करू नका. सगळंच एकदम दुरुस्त केलं की मुलाला कुठली चूक कशामुळे हे कळेनासं होतं आणि ते लिहायचंच थांबवतं. तिसऱ्या आठवड्यात “हिज-हर-देअर”, चौथ्यात “हॅव” आणि रोजचे शब्द.

आधीचे तपासलेले निबंध फेकू नका. तिलाच पेन्सिल द्या आणि एसने संपणाऱ्या प्रत्येक शब्दाभोवती गोल करायला सांगा. प्रत्येक गोलाला दोन प्रश्न: हा एस अनेकवचनाचा, मालकीचा की क्रियापदाचा, म्हणजे “लिव्ह्ज” मधल्यासारखा? मालकीचा असेल तर मालक एक की अनेक? ही तपासणी तुम्ही करू नका, तीच करू दे. एका निबंधाला दहा मिनिटं पुरतात. आणि परीक्षेत शेवटची पाच मिनिटं उरली तर सगळा पेपर चाळत बसू नये. आधी पत्राची शेवटची ओळ, मग प्रत्येक “इट्स”, मग ज्या ओळीत दिवस, आठवडे किंवा मिनिटं आली आहेत ती ओळ, एवढं बघून पेपर द्यावा.